लेवेनहूकने कृती लपवली, त्याची किंमत कुणी मोजली?

पेट्रीबशी (धागा सुरू)

अंतोनी फान लेवेनहूक (१६३२–१७२३) याला सूक्ष्मजीवशास्त्राचा जनक म्हणायची आपली सवय आहे. डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, डचखेरीज दुसरी भाषा न येणारा माणूस. त्याने १६७३ पासून मरेपर्यंत लंडनच्या रॉयल सोसायटीला सुमारे १९० पत्रं पाठवली. त्यांत आदिजीव, जिवाणू, शुक्रपेशी, तांबड्या रक्तपेशी, केशवाहिन्यांतलं रक्ताभिसरण हे सगळं आहे. त्याच्या नजरेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती 'जनक' या पदवीबद्दल.

कारण सरळ आहे. सर्वांत लहान जीव आपण कसे पाहतो ते त्याने कधीच सांगितलं नाही. सोसायटीने विचारलं तरी नाही. घरी आलेल्यांना तो साधी यंत्रं दाखवायचा, उत्तम यंत्रं आणि पाहण्याची खास रीत स्वतःपुरती ठेवायचा. १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने सुचवलं की काही तरुणांना ही विद्या शिकवा, तर त्याने नकार दिला. त्याच्या मते शिकायला येणाऱ्यांतले बहुतेक पैशासाठी नाहीतर नावासाठी येतात आणि हजारात एकालाही हे काम झेपत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. सोसायटीला मृत्युपत्राने दिलेली २६ चांदीची सूक्ष्मदर्शकं एकोणिसाव्या शतकात गहाळ झाली. बाकीच्या शेकडो यंत्रांचा १७४७ मध्ये डेल्फ्टला लिलाव झाला, आणि त्यांतली जेमतेम डझनभर आज माहीत आहेत. शिष्य एकही नाही. जिवाणूंचा अभ्यास शास्त्र म्हणून उभा राहिला तो पाश्चर आणि कॉखच्या काळात, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी.

रॉबर्ट हूकशी तुलना करा. १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'च्या प्रस्तावनेत त्याने यंत्राचे भाग, दिव्याची मांडणी, भिंग करायची कृती, सगळं उघड लिहिलं. विज्ञान तसं चालतं. दुसऱ्याला करून पाहता येत नाही ते निरीक्षण कितीही खरं असलं तरी त्या एका माणसाबरोबर संपतं. माझं म्हणणं असं की लेवेनहूकच्या गुप्तपणामुळे एक अख्खं शास्त्र उशिरा जन्मलं. विरोधी मतं वाचायला आवडतील, पण मुद्द्याला धरून.

काचमणी

असहमत. तुम्ही ज्याला लपवलेली कृती म्हणता तिचा मोठा भाग तेव्हा लपलेलाच नव्हता.

२०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लेवेनहूकच्या दोन सूक्ष्मदर्शकांचं न्यूट्रॉन टोमोग्राफीने (न्यूट्रॉनच्या झोताने वस्तूच्या आतलं चित्र घेऊन) परीक्षण केलं. भिंग दोन धातूच्या पत्र्यांमध्ये रिव्हेट मारून बसवलेलं असल्यामुळे यंत्र न मोडता ते बाहेरून नीट पाहता येत नव्हतं. न्यूट्रॉन पितळातून आरपार जातात म्हणून हे जमलं. लायडनच्या बुरहाव संग्रहालयातल्या यंत्रात घासलेलं भिंग निघालं. पण उट्रेख्तच्या यंत्रात, जे आजवर मोजलेल्यांत सर्वांत शक्तिशाली आहे, वितळवून केलेला काचेचा मणी निघाला. त्यावर तंतूचा दांडा तोडल्याची खूणसुद्धा आहे. ही कृती हूकने १६६५ मध्येच छापली होती. ॲम्स्टरडॅमचा गणिती हुडे त्याच्याही आधीपासून मणी करत होता. स्वामरडॅम, हार्टसुकर या डच निरीक्षकांनाही ती येत होती.

कृती इतकी साधी आहे की इथेच देतो. पुढचा वाद समजायला ती लागेल.

साधी सोडा-लाइम काचेची भरीव काचकांडी घ्या. पोकळ नळी नको, नळीतली हवा मण्यात बुडबुडा होऊन अडकते. बोरोसिलिकेट काचेला जास्त उष्णता लागते, स्पिरिटच्या दिव्यावर ती दाद देत नाही, तिथे बन्सन बर्नरच हवा. कांडीचा मधला भाग लालसर मऊ होईपर्यंत फिरवत तापवायचा, ज्योतीबाहेर काढायचा आणि मग दोन्ही हात एका दमात लांब न्यायचे. ज्योतीतच ताणलं तर तंतू तुटतो. पाव मिलिमीटर जाडीचा तंतू मिळाला की त्याचं टोक ज्योतीच्या निळ्या भागात कडेने हळूहळू सरकवायचं. पृष्ठताणामुळे टोकाशी आपोआप मणी जमतो.

किती तंतू वितळवायचा याचा हिशोब होतो. १ मिमी व्यासाच्या मण्याचं आकारमान ०.५२ घन मिमी. पाव मिमी जाडीच्या तंतूचा सुमारे ११ मिमी भाग त्यात जातो. म्हणून तंतूवर ११ मिमीवर खूण करायची, खुणेपर्यंत पोचलं की थांबायचं. २ मिमीच्या पुढे गेलात तर वजनाने मणी लोंबतो आणि पेरूसारखा होतो, मग प्रतिमा एका बाजूला ओढलेली दिसते. पिवळ्या ज्योतीत धरला तर काजळी काचेत बसते, ती पुसून जात नाही. मणी तयार झाल्यावर तो ज्योतीच्या वर थोडा वेळ धरून हळूहळू निववायचा, झटक्यात बाहेर काढला तर बारीक तडा जाऊ शकतो.

बसवताना दांडा नजरेच्या रेषेत येऊ द्यायचा नाही, तो पत्र्याला समांतर आडवा हवा. भिंगाची जी बाजू दांड्याला लागून असते तिथे गोलाई बिघडलेली असते. हूक ती बाजू सहाणेवर घासून सपाट करत असे. पत्र्याचं भोक सुईने पाडलं की मागच्या बाजूला कडा उभी राहते, ती घासून काढायची, नाहीतर चमक येऊन सगळं पांढुरकं दिसतं.

सतराव्या शतकातल्या कुठल्याही हुशार कारागिराला यात न जमण्यासारखं काय आहे?

पेट्रीबशी

कृती छान दिलीत, पण तिने माझाच मुद्दा बळकट होतो. मणी सगळ्यांना करता येत होता, तरी डेल्फ्टच्या या एका माणसाला जे दिसत होतं ते इतरांना दिसत नव्हतं. म्हणजे लपवलेली गोष्ट भिंगात नव्हती, दुसरीकडे होती. नमुना कसा धरायचा, प्रकाश कुठून घ्यायचा, हे त्याने गिळून टाकलं. आणि तेच तर शिकवायला हवं होतं.

टिपणवही

धागाकर्त्यांनी पत्रं सारांशात वाचली असावीत असं वाटतं, कारण पूर्ण पत्र वाचलं की 'कृती लपवणारा माणूस' हे चित्र टिकत नाही. दोन पत्रं घेतो.

पहिलं ९ ऑक्टोबर १६७६ चं. मिरे तिखट का लागतात हे त्याला शोधायचं होतं. त्याने साधारण एक तृतीयांश औंस, म्हणजे आपले १० ग्रॅमच्या आसपास, अख्खे मिरे पाण्यात टाकले. मिरे मऊ होऊ दिले. पाणी आटलं तसं वरून बर्फाचं वितळलेलं पाणी घातलं, तेही तीन वर्षं बाटलीत बंद करून ठेवलेलं. २४ एप्रिल १६७६ ला त्यात अतिसूक्ष्म जीवांची गर्दी दिसली. पावसाचं पाणी, विहिरीचं पाणी, समुद्राचं पाणी, आल्याचं पाणी, लवंगेचं पाणी, प्रत्येकाची वेगळी नोंद आहे. कोणत्या दिवशी काय दिसलं, केव्हा नाहीसं झालं, केव्हा परत आलं. ही प्रयोगवही आहे.

लोकांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा त्याने काय केलं? १६७७ मध्ये आठ जणांच्या साक्षी लेखी पाठवल्या, त्यांत धर्मोपदेशक होते, नोटरी होता. त्यांनी थेंबात किती जीव मोजले ते आकड्यांत लिहिलं. तिकडे लंडनला सोसायटीने मिऱ्याचं पाणी करून पाहायला सुरुवात केली. आधीच्या बैठकांत जमलं नाही. मग हूकने अगदी बारीक काचनळ्या ओढल्या, त्यांत पाणी भरलं, यंत्र सुधारलं आणि १५ नोव्हेंबर १६७७ ला जमलेल्यांना जीव दिसले. पाहणाऱ्यांत वास्तुकार क्रिस्टोफर रेनसुद्धा होता. पहिलं निरीक्षण ते दुसऱ्या देशात, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या यंत्राने केलेली खातरजमा, मध्ये दोन वर्षंसुद्धा नाहीत. याला 'करून पाहता न येणारं' कसं म्हणायचं?

दुसरं पत्र १४ जून १६८० चं. याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर.

त्याने दोन काचनळ्या घेतल्या, खालून बंद. दोन्हींत कुटलेले मिरे टाकले, वर स्वच्छ पावसाचं पाणी. एका नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून पूर्ण बंद केलं. दुसरीचं फक्त बारीक भोकापर्यंत आणलं. उघड्या नळीत दोन-तीन दिवसांत जीव दिसले. बंद नळी पाच दिवसांनी फोडली तर आतला द्रव जोराने बाहेर आला, कारण आत वायू कोंडला होता. त्याची अपेक्षा होती की हवेशिवाय आत काही जगणार नाही. पण त्या थेंबातही जीव होते. आपल्या अपेक्षेविरुद्ध गेलेला निकाल त्याने जसाच्या तसा लिहून पाठवला.

१९१३ मध्ये बायरिंक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हा प्रयोग पत्रात लिहिल्याप्रमाणे पुन्हा केला. बंद नळीत ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढले, वायूही तयार झाला. पाश्चरच्या जवळजवळ १८० वर्षं आधी ऑक्सिजनशिवायचं जीवन नोंदलं गेलं होतं, आणि ते २३३ वर्षांनी निव्वळ पत्राच्या आधाराने पुन्हा करता आलं. कृती लपवणाऱ्याच्या पत्रावरून हे होत नाही.

मोजमापाचंही तसंच. त्याच्याकडे सूक्ष्म मोजपट्टी नव्हती. त्याने वाळूचा कण शेजारी ठेवून तुलना केली. एक तांबडी रक्तपेशी बारीक वाळूच्या कणाच्या पंचवीस हजारपट लहान, आकारमानाने, असं त्याने लिहिलं. बारीक कण एक शतांश इंचाचा धरा. पंचवीस हजारचं घनमूळ २९ आणि थोडं वर. भागाकार केला की ८.७ मायक्रोमीटर येतात. आज आपण ७ ते ८ सांगतो. १६७० च्या दशकात!

नाभीअंतर

दोन्ही बाजूंनी प्रकाशशास्त्राला हात न लावता वाद चालू आहे. आकडे मांडले की काय लपवण्याजोगं होतं आणि काय नव्हतं ते नेमकं कळतं.

पूर्ण गोल मण्याचं नाभीय अंतर (समांतर किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं), केंद्रापासून मोजलं तर, व्यासाच्या ०.७३ पट येतं (काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, १.५२ धरून). विशालन म्हणजे २५० मिमी भागिले नाभीय अंतर. १ मिमीचा मणी सुमारे ३४० पट मोठं दाखवतो, २ मिमीचा १७० पट. उट्रेख्तच्या यंत्राचं विशालन १९८१ मध्ये २६६ पट मोजलं गेलं, म्हणजे हिशोबाने १.३ मिमीच्या आसपासचा मणी.

पण केंद्रापासून ०.७३ मिमी म्हणजे मण्याच्या पृष्ठभागापासून फक्त ०.२३ मिमी. नमुना भिंगाला जवळपास चिकटवावा लागतो. इथे पहिली चूक होते. आजची काचपट्टी १ मिमी जाड असते. ती उलट बाजूने ठेवली तर मणी काचेला टेकतो आणि तरीही नमुना फार लांब राहतो, कितीही स्क्रू फिरवा, काही दिसत नाही. ०.१७ मिमीची आच्छादन-काच (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) मण्याकडे केली तरच जमतं. लेवेनहूकने पातळ काचनळ्या आणि अभ्रकाचे पापुद्रे वापरले ते याचसाठी. नळीची भिंत जाड असती तर त्याला जिवाणू दिसलेच नसते. त्याच्या यंत्रात एक लांब स्क्रू नमुना वरखाली नेतो, दुसरा आखूड स्क्रू नमुन्याची पट्टी भिंगापासून ढकलतो. हा दुसरा स्क्रू केसाएवढा फिरला की प्रतिमा जाते.

आता विभेदन, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणं. मण्याच्या कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात, म्हणून पूर्ण मणी उघडा ठेवला तर सगळं धूसर. भोक लहान केलं की धूसरपणा जातो, पण विवर्तन, म्हणजे भोकाच्या कडेशी प्रकाशाचं पसरणं, वाढतं. १ मिमीच्या मण्यापुढे अर्ध्या मिमीचं भोक ठेवलं तर सुमारे १ मायक्रोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसू शकतात. भोक ०.२ मिमी केलं तर २.४ मायक्रोमीटरपर्यंत घसरण. भोकाचा योग्य आकार प्रयोग करूनच सापडतो, आणि मण्यागणिक बदलतो. उट्रेख्तचं यंत्र प्रत्यक्षात १.३५ मायक्रोमीटरपर्यंत पोचतं.

दातांवरच्या किटणातले जीव त्याने १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लिहिले, त्यांतल्या लांब काड्या, वळवळणारे, सर्पिल, हे या कक्षेत बसतात. अर्धा मायक्रोमीटरचे गोल जिवाणू साध्या उजेडात बसत नाहीत. ते दिसायचे तर काळ्या पार्श्वभूमीवर तिरका प्रकाश लागतो. तेव्हा जिवाणूचा आकार कळत नाही, पण त्याने विखुरलेला प्रकाश चमकता ठिपका होऊन दिसतो आणि तो हलताना कळतो. लेवेनहूकचा चरित्रकार क्लिफर्ड डोबेलने १९३२ मध्ये हाच तर्क केला होता की लेवेनहूकची गुप्त रीत म्हणजे काळी पार्श्वभूमी असावी.

तेव्हा पेट्रीबशी, तुमचा मुद्दा एवढ्यापुरता उरतो: भिंग उघड, नमुन्याची कृती उघड, प्रकाशाची मांडणी गुप्त. पण शेवटच्या गोष्टीची किंमत कमी लेखू नका. हा एक पायरीभर फरक १६७७ च्या लंडनला दिसणारे जीव आणि १६८३ च्या डेल्फ्टला दिसणारे जीव यांच्यातला फरक आहे.

पानशेवाळ

पेट्रीबशींच्या बाजूने आणखी दोन गोष्टी.

एक, पत्रं लोकांपर्यंत पूर्ण गेलीच नाहीत. १६७६ च्या पत्राचा सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्गने इंग्रजी सारांश केला आणि १६७७ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापला. त्याच वर्षी ओल्डेनबर्ग वारला. संपूर्ण पत्र इंग्रजीत आलं ते थेट विसाव्या शतकात. सगळ्या पत्रांची साक्षेपी आवृत्ती १९३९ पासून खंडाखंडाने निघू लागली. टिपणवही ज्या बारकाव्यांचं कौतुक करतात त्यांतले बरेचसे अठराव्या शतकातल्या वाचकाच्या हातात नव्हते. लेवेनहूकने स्वतः नीट रचलेला ग्रंथ लिहिला असता, विषयवार, कृतीसकट, तर हे झालं नसतं. त्याची पत्रं एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतात. एकाच पत्रात अनेक विषय. शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

दोन, त्याला चित्र काढता येत नव्हतं. चित्रकार ठेवलेला होता. म्हणजे एवढं साधन दुसऱ्याच्या डोळ्याला लावून द्यायची त्याची तयारी होती, पण त्या चित्रकाराचं नावसुद्धा तो पत्रांत सांगत नाही, 'चित्रकार' म्हणून सोडून देतो. शिकवायला माणूस घरातच होता. ज्याने रोज ते जीव पाहिले, कागदावर उतरवले, त्याच्यापाशीही ही परंपरा गेली नाही. हे मला लाइबनिट्सला दिलेल्या नकारापेक्षा जास्त खटकतं.

टिपणवही

पानशेवाळ, सारांशाचा मुद्दा मान्य करण्याजोगा आहे, पण तो दोष ओल्डेनबर्गचा आणि छपाईखर्चाचा. लेवेनहूकने तर पत्र पूर्ण पाठवलं होतं. शिवाय १६८० च्या दशकापासून त्याने स्वतःच्या खर्चाने डचमध्ये आणि लॅटिन भाषांतरात संग्रह छापून घेतले. लपवणारा माणूस पदरचे पैसे घालून पुस्तकं काढत नाही.

आता त्या 'दीडशे वर्षांच्या' दाव्याकडे येतो, कारण मूळ धागा त्याच्यावर उभा आहे आणि तो बरोबर नाही.

१६९३ मध्ये एडमंड किंग आणि १६९६ मध्ये जॉन हॅरिस यांनी त्याच नियतकालिकात मिऱ्याच्या पाण्यातले जीव पाहिल्याचं लिहिलं. १७०३ मध्ये एका निनावी इंग्रजाने तिथेच डायटमचं (एका सूक्ष्म शैवालाचं) चित्र छापलं. १७१८ मध्ये पॅरिसच्या जोब्लोने वनस्पती भिजत घातलेल्या पाण्यातल्या जिवांवर सबंध पुस्तक काढलं. १७४० च्या दशकात ट्रेंबलीने हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्याचे तुकडे करून ते पुन्हा वाढतात हे दाखवलं, साध्या भिंगांनी. हेन्री बेकरने लेवेनहूकची ती २६ यंत्रं तपासून त्यांची नाभीय अंतरं मोजली आणि सामान्य वाचकासाठी सूक्ष्मदर्शकाची पुस्तकं लिहिली. म्युलरचं १७८६ चं पुस्तक तर वर्गीकरणाचा पाया आहे.

म्हणजे पाहणं थांबलं नव्हतं. थांबला होता तो प्रश्न. या जिवांचा रोगाशी, आंबण्याशी, कुजण्याशी काही संबंध आहे का, हे विचारायची चौकट नव्हती. लिनेयससारख्या वर्गीकरणाच्या धनीने १७६७ च्या आवृत्तीत या सगळ्यांना 'केऑस' नावाच्या पोतडीत टाकलं. त्याला भिंग मिळत नव्हतं म्हणून नव्हे. त्याला ते महत्त्वाचे वाटले नाहीत म्हणून. जिवाणू आणि रोग यांची सांगड घालायला शुद्ध वाढ (एकाच जातीचे जिवाणू वेगळे वाढवणं), रंगवणं, प्राण्यांवरची चाचणी या कॉखच्या काळातल्या गोष्टी लागल्या. लेवेनहूकने प्रकाशाची मांडणी सांगितली असती तर यातली एकही गोष्ट लवकर आली असती असं वाटत नाही.

यंत्राचंही कारण धरू नका. रंगदोष काढलेली संयुक्त सूक्ष्मदर्शकं जोसेफ जॅक्सन लिस्टरने १८३० च्या सुमारास सुधारली हे खरं, पण रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागातल्या कणांची हालचाल साध्या एकभिंगी यंत्रानेच पाहिली. साधन होतं.

पेट्रीबशी

टिपणवही, किंग आणि हॅरिस यांनी पाहिले ते मिऱ्याच्या पाण्यातले मोठे जीव. हूकनेही तेच. माझा आग्रह लहानांबद्दल आहे. दातांवरचे जीव डेल्फ्टबाहेर कुणी मोजले, त्याच्या हयातीत? 'प्रश्न नव्हता' हे मला पूर्ण उत्तर वाटत नाही. प्रश्न पडायला आधी ती गोष्ट पुष्कळांना, पुष्कळ ठिकाणी, सहज दिसावी लागते. पन्नास गावांत पन्नास माणसं रोज स्वतःच्या दातांवरचं किटण पाहत असती तर त्यांतल्या एखाद्या वैद्याला विचारावंसं वाटलंच असतं.

१६९२ च्या पत्राकडे पाहा. त्याला आपल्या पुढच्या दातांवर पूर्वीसारखे जीव सापडेनात. त्याने कारण शोधलं: सकाळी इतकी गरम कॉफी पितो की घाम फुटतो, त्याने ते मरत असावेत. मागच्या दाढांच्या फटीत, जिथे कॉफीचा ताप पोचत नाही, तिथे ते जिवंत सापडले. उष्णतेने जिवाणू मरतात, हे १६९२ मध्ये, एका माणसाच्या तोंडात, लिहून ठेवलेलं आहे! अशा निरीक्षणावर दुसऱ्याने एक पाऊल टाकलं असतं तर? पाऊल टाकायला त्याला ते जीव स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवे होते. ते दिसण्याची रीत एका घरात कुलूपबंद होती. मी त्याला थोर निरीक्षक म्हणेन, सर्वांत थोर म्हणेन. जनक म्हणणार नाही.

काचमणी

१६९२ चं उदाहरण जोरदार आहे, पण ते तुमच्या विरुद्ध जातं असं मला वाटतं. कॉफीचं निरीक्षण वाचून कुणालाही करता येण्यासारखी गोष्ट होती: किटण घ्या, पावसाच्या पाण्यात किंवा लाळेत मिसळा, एक भाग गरम करा, एक नको, दोन्ही पाहा. त्यातले मोठे, वळवळणारे जीव साध्या उजेडातही दिसतात. लंडनला हूककडे भिंग होतं, नळ्या होत्या, १६८३ चं पत्र होतं. केलं नाही. हा दोष पत्र लिहिणाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि वारसा शिष्यांनीच चालतो असं कुठे आहे? २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने कागदाच्या घडीचं फोल्डस्कोप मांडलं. त्याचं हृदय म्हणजे एक गोल मणी, १४० पट विशालन. भारतात शाळांशाळांतून ते पोचलं आहे. नमुना भिंगाजवळ धरायचा, डोळा भिंगाला लावायचा, उजेडाकडे तोंड करायचं, ही सगळी मांडणी लेवेनहूकची. फक्त पितळाच्या जागी कागद आला.

नाभीअंतर

प्रकाशाच्या त्या एका पायरीवर इतकं अडलंय, तर ती करून पाहता येते. काचमणींच्या कृतीने केलेला १ मिमीचा मणी, पुढे अर्ध्या मिमीचं भोक. या मांडणीत मणी अक्षाभोवती साधारण १९ अंशांच्या आत येणारे किरण पकडतो. म्हणजे दिवा त्याच्याबाहेर, ३० ते ४५ अंशांवर ठेवायचा, आणि नमुन्याच्या बरोबर मागे, दोन-तीन हातांवर, काळं मखमली कापड. दिव्याचा थेट किरण भिंगात शिरता कामा नये. शिरला तर काळोख राखाडी होतो आणि बारीक ठिपके बुडतात. खोली अंधारी हवी. थेंब अगदी पातळ हवा, जाड थेंबात वरच्या-खालच्या थरांतले कण चमकून गोंधळ करतात. काचेवर बोटाचा ठसा असेल तर तोही चमकतो, म्हणून काच स्पिरिटने पुसून घ्यायची. सूर्याकडे थेट रोखून पाहायचं नाही, डोळा जाईल.

नमुना दातांच्या किटणाचा, उकळून गार केलेल्या पाण्यात. आधी दिवा सरळ मागे ठेवून मोजा, मग तोच थेंब तिरक्या उजेडात मोजा. तुलनेला नुसत्या उकळलेल्या पाण्याचा थेंबही बघा, कारण निर्जीव कणही थरथरतात आणि तिरक्या उजेडात ते जास्तच जिवंत वाटतात. थरथर जागच्या जागी असते, जिवाणू एका दिशेने अंतर कापतो. ठिपक्याची वाट कागदावर काढून ठेवा.

दोन्ही आकड्यांत फारसा फरक आला नाही तर पेट्रीबशींचा गुप्ततेचा मुद्दा पडतो. मोठा फरक आला तर टिपणवहींना 'प्रश्नच नव्हता' यापेक्षा वेगळं उत्तर द्यावं लागेल.

टिपणवही

चालेल. पण आकडे मांडताना मण्याचा व्यास, भोकाचा व्यास आणि थेंब केव्हा घेतला ते लिहाच. आणि किटण कॉफीच्या आधीचं की नंतरचं, तेही.